हसबनिशी मुरड

सहाव्या स्पर्धकानेही मान फिरवली, तेव्हा मी शेजारी बसलेल्या हेरंबला विचारलं, "चहा कधी आहे?"

"वहिनी, काय मुरड घेतली पोराने! बघितलीत?" हेरंब डोळे पुसत म्हणाला. स्पर्धा सुरू झाल्यापासून त्याचे डोळे ओलेच होते. दर वर्षी असतात.

"बघितली. आधीच्या पाचांचीही बघितली."

तो गुणांच्या कागदाकडे वळला. पलीकडे तिसरे परीक्षक घाटे होते, ते नेहमीसारखे गप्प होते. घाटे म्हणजे जुने तबलजी, त्यांना बोलायला लागत नाही.

ही गोष्ट सांगलीची. मला साठ पूर्ण झाली त्या वर्षीची. स्पर्धा होती श्रीरंग हसबनीस यांच्या नावाची, आणि श्रीरंग हसबनीस हा माझा नवरा. एकतिसाव्या वर्षी गेला. एकतिसाव्या वर्षी गेलेल्या गवयाचं एक बरं असतं. त्याचा आवाज बसत नाही, केस जात नाहीत, आणि परवाची मैफल काही रंगली नाही असं त्याच्याबद्दल कुणी म्हणत नाही. मागे राहिलेल्या बायकोला मात्र रीतसर म्हातारं व्हावं लागतं. व्यासपीठावर मला त्याच्या फोटोशेजारच्या खुर्चीत बसवत, आणि अलीकडे नवीन लोक मला त्याची आई समजून पाया पडायला लागले होते. मी पडू देत असे. कुठे सांगत बसायचं?

मी त्याला श्रीरंग म्हणते, याचा हेरंबला फार त्रास होतो. तो श्रीरंगचा शिष्य. 'पंडितजी' म्हणतो. श्रीरंग जिवंत असताना त्याला पंडितजी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आम्ही दोघं लहानपणापासून एकाच बुवांकडे शिकलो. तो माझी वेणी ओढायचा आणि मी त्याच्या तंबोऱ्याच्या खुंट्या ढिल्या करून ठेवायची. अशा माणसाला लग्न झालं म्हणून अहो-जाहो करायचं मला काही जमलं नाही.

तर, मुरड. तालाचं आवर्तन पुरं होऊन समेवर यायच्या अगदी आधी श्रीरंग गाता गाता क्षणभर थांबायचा, मान डावीकडे मागे वळवायचा, आणि पुन्हा समोर बघत समेवर असा उतरायचा की लोक जागच्या जागी हलायचे. ते थांबणं आणि ती मान, दोन्ही मिळून हसबनिशी मुरड. तो गेल्यावर तिची एक गायकी झाली. हेरंब शिबिरं घेऊन ती शिकवतो. आधी थांबणं, मग मान, मग सम. एका समीक्षकाने तिच्यावर लांबलचक लेख लिहिला होता. त्यात म्हटलं होतं, की समेपूर्वी हा गायक क्षणभर संसाराकडे पाठ फिरवतो. प्रत्यक्षात डावीकडे मागे तंबोरा घेऊन मी बसलेली असायची. म्हणजे संसाराकडे त्याचं तोंड व्हायचं. पण मला कोण विचारतंय?

त्याच्या जाण्याचीही एक गोष्ट झाली होती. दुपारी चारला भर चौकात रस्ता ओलांडताना तो ट्रकखाली गेला. हेरंब सांगतो ते असं, की पंडितजींना त्या क्षणी तोडीतली बंदिश सुचत होती, सुरात ते इतके बुडाले होते की हॉर्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. हे ऐकताना लोकांना हुंदके येतात. सकाळची तोडी दुपारी चारला कशी काय सुचली, असं आजवर एकाही जाणकाराने विचारलेलं नाही. चौकात रसिकांनी एक फरशीही बसवली आहे. 'येथे स्वरयोगी सुरांत विलीन झाले.' फरशीला लागून उसाच्या रसाचं दुकान आहे. रस चांगला असतो.

मी ती गोष्ट कधी खोडून काढली नाही. नवरा गेलेल्या बाईला लोक जे देतात ते ती घेते. मला लोकांनी ही गोष्ट दिली.

चहानंतर इचलकरंजीची मुलगी आली. शैला म्हेत्रे. एकोणीस-वीस वर्षांची, उंच, सावळी, केस घट्ट बांधलेले. तिच्या मागे डावीकडे तंबोरा घेऊन एक बाई बसली. जाडसर साडी, पदर डोक्यावर, हातावर जुने व्रण. तंबोऱ्याला बसणाऱ्या बायका सहसा जांभया देतात किंवा प्रेक्षकांत कोण कोण आलंय ते मोजतात. ही बाई एकटक तबल्याकडे बघत होती.

शैलाने भीमपलास सुरू केला आणि मी पाठ सरळ करून बसले. आवाज मोकळा होता. स्वर लावताना घाबरत नव्हती, नखरा करत नव्हती. तान घेतली, थांबली, मान डावीकडे मागे वळवली. हेरंबने माझ्या कोपराला धरलं.

मी त्या बाईकडे बघत होते. शैलाची मान वळली तशी त्या बाईने हनुवटी एवढीशी खाली केली. मुलगी समोर वळली आणि थेट समेवर आली.

पहिल्यांदा मला वाटलं, भास झाला. पुढच्या आवर्तनाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. इतकी वर्षं शेकडो पोरांनी त्या जागेकडे माना वळवल्या होत्या, आणि तिथे कुणी ना कुणी जांभया देत बसलेलं असायचं. त्या मानेला पलीकडून उत्तर आलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.  उठून निघून जावंसं वाटलं. पण परीक्षकाला गाणं संपेपर्यंत उठता येत नाही.

"हिच्यात पंडितजी उतरलेत," हेरंब म्हणाला. आता तो उघडउघड रडत होता. "पहिली हीच. वहिनी, तुमचं काय?"

"पहिली हीच," मी म्हटलं. त्यात काही खोटं नव्हतं.

घाट्यांनी मान हलवली.

"जूनपासून पुण्याला नेतो हिला," हेरंब म्हणाला. पहिल्या बक्षिसात तेच होतं, पुण्यात राहून हेरंबकडे शिक्षण. "वसतिगृहात सोय करू. माझा वर्ग तिथून लांब आहे, पण पोरीकडे लूना आहे. येईल भुर्रकन."

"एकटी?"

"एकटी म्हणजे? पुण्यात काय वाघ आहेत?"

मी उठले आणि सभागृहाच्या मागच्या दाराने बाहेर आले. मागच्या आवारात ती बाई पायरीवर बसून थर्मासमधला चहा झाकणात ओतत होती. शैला आमच्याकडे पाठ करून लूनाची सीट फडक्याने पुसत होती. मी तिच्या मागे दोन हातांवर जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "छान गायलीस हो."

ती पुसत राहिली.

"शैला," मी म्हटलं.

ती फडकं झटकून पुन्हा पुसायला लागली. पायरीवरची बाई लगबगीने उठली आणि तिने पोरीच्या पाठीवर थाप मारली. "आगं शैले, बाई काय म्हन्त्यात बघ की!"

शैला दचकून वळली. माझ्या ओठांकडे बघत म्हणाली, "काय म्हणालात काकू?"

"छान गायलीस म्हटलं." ती हसली. मी त्या बाईकडे, म्हणजे तिच्या आईकडे, वळले. "मान कधीपासून हलवताय?"

"कसली मान?"

"मला नका विचारू कसली. मी नऊ वर्षं हलवलीय."

बाईंनी झाकण पायरीवर ठेवलं. चहा थोडा सांडला. "आमच्या घरात माग हायेत बाई," त्या म्हणाल्या. "खाली माग, वर आमी. दिसभर खटखट. समदीच बोंबलून बोलत्यात. त्यात पोरीला कमी ऐकू येतंय, ह्ये आमाला लई उशिरा कळलं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"डॉक्टरला दावलं की गावाला कळलं. गाणाऱ्या पोरीला ऐकू येत न्हाई म्हटल्यावर तिला उभी कोन करंल? आन् लगीन कोन करंल, ते येगळंच."

"तंबोरा कुठे शिकलात?"

"त्यात शिकायचं काय? जल्मभर मागाच्या कांड्या भरल्या, चार तारा छेडायला काय लागतंय? पेटीवाला तिच्या डाव्या कानाशी, त्येच्यात तबला बुडतोय. मग ती हळूच माज्याकडं बघायची, मी मान हालवायची. आधी लई भ्या वाटायचं, कुनाच्या ध्यानात आलं तर? मग ही हेरंबबुवांच्या शिबिराला गेली. बघते तर तितं समदीच पोरं मागं बघायलीत. म्हटलं, बरं झालं. हिचं झाकून गेलं."

मला हसू आलं आणि ते आवरता येईना. इतक्या वर्षांत हेरंबच्या शिबिरांचा कुणाला तरी उपयोग झाला होता.

"माझ्या नवऱ्याला उजव्या कानाने काही ऐकू येत नव्हतं," मी म्हटलं.

हे वाक्य मी त्याआधी मोठ्याने कधीच उच्चारलं नव्हतं. अगदी साधं वाटलं. कुणाला मधुमेह होता म्हणावं, तसं.

"टायफॉईडमध्ये गेला कान. तबला नेमका उजव्या हाताला, डावीकडे पेटी. सम सापडेना. तबलजीकडे वळून बघावं, तर तबलजीला संशय येणार, आणि एका तबलजीला कळलं म्हणजे सगळ्या महाराष्ट्राला कळलं. म्हणून तो माझ्याकडे बघायचा."

"म्हंजी ती मुरड..."

"मुरडबिरड काही नाही. 'आली का?' म्हणून विचारायचा. मी सांगायची, 'आली.'"

बाई माझ्याजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "आन् ट्रक?"

"ट्रक उजवीकडून आला. हॉर्न सगळ्या चौकाने ऐकला होता." मला पुढचं बोलायचं नव्हतं, पण ते आलंच. "मैफलीत मी असायची बाई. रस्त्यावर नव्हते."

शैला आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. किती समजत होतं कोण जाणे. बहुतेक सगळंच.

"मी हाय की गाडीवर मागं," बाई म्हणाल्या. त्या आता माझ्याशी भांडत असल्यासारख्या बोलत होत्या. "उजवीकडनं कोन आलं तर उजव्या खांद्यावर मारती, डावीकडनं आलं तर डाव्या. कदी काय झालं न्हाई."

"पुण्यात मागे कोण बसणार?"

त्यांनी थर्मासचं बूच लावलं, पुन्हा काढलं. "बक्षीस घिऊ द्या बाई. मग दावतो डॉक्टरला."

"आम्हीही हेच म्हणायचो. एवढा नागपूरचा दौरा होऊ दे, मग मिरजेला जाऊन दाखवू. नागपूर झालं की इंदूर."

शैला एकदम मोठ्याने म्हणाली, "काकू, सांगू नका कुणाला." मग स्वतःच्या आवाजाचा अंदाज येऊन तिने तोंडावर हात ठेवला, आणि आवाज जरा खाली आणून म्हणाली, "मी बहिरी आहे कळलं तर लोक मला बघायला येतील. ऐकायला नाही येणार. गाणं संपलं माझं."

श्रीरंग जवळपास हेच म्हणायचा. फक्त तो चिडून म्हणायचा आणि ही घाबरून म्हणत होती.

"तुझं एक अक्षर सांगणार नाही," मी म्हटलं. "मला जे सांगायचंय ते माझ्या घरचं आहे."

बक्षीस समारंभ संध्याकाळी होता. सभागृह भरलं होतं. हेरंबने तोडी आणि ट्रकची गोष्ट सांगितली, ठरलेल्या ठिकाणी त्याचा गळा भरून आला, ठरलेल्या ठिकाणी बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग त्याने माझ्या हातात माइक दिला. दर वर्षी मी दोन वाक्यं बोलते. सगळ्या मुलांना आशीर्वाद, आणि आयोजकांचे आभार.

"हेरंबने सांगितलं ते खरं नाही," मी म्हटलं. "तो खोटं बोलतोय असं नाही, त्याला माहीत नाही. श्रीरंगला तोडी सुचत नव्हती. तो माझ्यासाठी पोस्टातून पाकिटं आणायला निघाला होता. त्याचा उजवा कान टायफॉईडमध्ये गेला होता, त्याला त्या बाजूचं ऐकू येत नव्हतं. तबल्याची सम कळायची नाही म्हणून तो वळून माझ्याकडे बघायचा, आणि मी मान हलवायची. तुम्ही जिला मुरड म्हणता ती एवढीच. ट्रकवाल्याने हॉर्न दिला होता. त्या गरीब माणसाला तुम्ही उगाच शिव्या दिल्यात. कान गेला तरी श्रीरंग गात होता, आणि बरा गात होता. पण तो ते लपवत होता. लपवलं नसतं, कुणी हाताला धरून रस्ता ओलांडून दिला असता, तर आज तो त्रेसष्ट वर्षांचा असता, आणि पूर्वीसारखं आता राहिलं नाही म्हणून तुम्ही त्याला नावं ठेवत असता. मला ते फार आवडलं असतं."

सभागृहात शांतता पसरली. ही शांतता चांगली नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, माइक घ्या त्यांच्याकडून."

हेरंबने घेतला. "वहिनींना भावना अनावर झाल्या आहेत," तो घाईघाईने म्हणाला. "वय झालं, शिवाय सकाळपासून बसून आहेत. रसिक समजून घेतील."

रसिकांनी समजून घेतलं. काहींनी माझ्याकडे बघून मायेने माना डोलावल्या, आजाऱ्याकडे बघून डोलावतात तशा. इतकी वर्षं जे सांगितलं नव्हतं ते शेवटी सांगितलं, तर त्याचं हे झालं होतं. माझे कान तापले.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून घाटे उठले. घाट्यांना कार्यक्रमात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना उठायलाही वेळ लागला.

"तरीच," ते म्हणाले. माइक त्यांच्या हातात नव्हता, पण शांततेमुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "सात वर्षं साथ केली मी. एकदा माझ्याकडे बघायचा नाही. मला वाटायचं, माझा तबला त्याला आवडत नाही." ते माझ्याकडे वळले. "वहिनी, हे आधी सांगायचंत हो."

आणि ते खाली बसले. बसून त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. पुढच्या रांगेतल्या माना डोलायच्या थांबल्या. तबलजीला भावना अनावर होत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं.

हेरंबने हातातला कागद चाळला. अशा वेळी संयोजक जे करतो तेच त्याने केलं, पुढचं नाव पुकारलं. "प्रथम क्रमांक, कुमारी शैला म्हेत्रे, इचलकरंजी."

शैला वर आली. मी चषक हातात घेऊन उभी होते. ती पायाला हात लावायला वाकली, उठली, आणि चषक न घेता तशीच उभी राहिली. माझ्या तोंडाकडे बघत होती.

"त्यांचा कुठला कान म्हणालात?" तिने विचारलं.

"उजवा."

"माझे दोन्ही," ती म्हणाली.

तिच्या घरात सगळे मागाच्या वरताण बोलतात. ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

खाली तिच्या आईने पदर तोंडावर ओढून घेतला. हेरंब माझ्याकडे बघायला लागला. त्या दिवसभरात पहिल्यांदाच त्याचे डोळे कोरडे होते, आणि त्या कोरड्या डोळ्यांत मला जुना, चौदा वर्षांचा हेरंब दिसला. श्रीरंगच्या खोलीबाहेर चपला काढून उभा असायचा तो.

"वहिनी, आता?" त्याने विचारलं.

"आता काय? पहिली आली ना ती? टाळ्या वाजव."

त्याने वाजवल्या. एकट्याने. मग घाट्यांनी. मग हळूहळू बाकीच्यांनी.

शैलाला मिरजेला मी घेऊन गेले. तिच्या आईला माग सोडून येता येईना, शिवाय डॉक्टरच्या दारात पाऊल टाकायला त्यांचा धीर होत नव्हता. तपासण्या झाल्या, कानाच्या आत काय काय बिघडलंय ते डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं, आणि पुढच्या खेपेला दोन्ही कानांमागे बसवायची यंत्रं आली. बदामी रंगाची, शेंगदाण्याएवढी.

ती लावून आम्ही दवाखान्याबाहेर पडलो. शैला कपाळाला आठ्या घालून चालत होती.

"काकू, तुमची चप्पल वाजते."

"वाजू दे."

"आणि तुम्ही चालताना पुटपुटता."

"हो का?" हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात सांगायला कुणी नव्हतंच.

"तो माणूस कागद फाडतोय. फार कर्कश आहे हो सगळं," ती म्हणाली. यंत्र काढायला तिचा हात वर गेला, पण तिने तो खाली घेतला.

बसस्टँड पलीकडच्या बाजूला होता. दुपारची वेळ, रस्ता जवळपास मोकळा. माझ्या डोक्यात घरी जाऊन काय शिजवायचं ते चाललं होतं. मी पाऊल पुढे टाकलं, तेवढ्यात माझा दंड मागून घट्ट धरला गेला.

"थांबा काकू. गाडी येतेय."

मी उजवीकडे बघितलं. रस्ता वळणापर्यंत रिकामा होता. मला काहीच ऐकू येत नव्हतं. साठीनंतर माझेही कान काही फार चांगले राहिले नव्हते, पण ते मला तेव्हा कळलं.

"कुठाय?"

"येतेय. हॉर्न दिला आत्ता."

ती माझा दंड सोडेना. आम्ही तिथेच थांबलो. मग वळणावरून ट्रक आला, विटांनी भरलेला, आमच्या समोरून गेला, आणि त्याची धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. डोळ्यांना पदर लावला. शैलाने विचारलं, डोळ्यांत धूळ गेली का? मी हो म्हटलं.

"आता चला," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी रस्ता ओलांडला.